नगररचना परियोजना (टीपीएस): लवादाच्या निवाड्यावर अपील कशाचं होतं, कशाचं होत नाही

बांधकरी

टीपीएस म्हणजे एका भागातल्या जमिनी एकत्र धरून, रस्ते आणि बागा काढून, मालकांना नवे भूखंड परत देणारी योजना. त्यात जमीन आलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते. भूखंड कुठेही टाकू दे, कसाही वाकडातिकडा देऊ दे, पुढे ट्रिब्युनल (अपील न्यायाधिकरण) आहे, तिथे बघून घेऊ. या भरवशावर हरकतीची मुदत जाते, लवादापुढची (भूखंड आणि हिशेब ठरवायला नेमलेल्या अधिकाऱ्यापुढची) सुनावणी जाते, आणि ट्रिब्युनलच्या दारात गेल्यावर कळतं की हा विषय इथे चालतच नाही. म्हणून हा धागा.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, म्हणजे आपण ज्याला एमआरटीपी म्हणतो, त्यात कलम ७४ खाली अपील न्यायाधिकरण आहे. ते खरोखर स्वतंत्र आहे. कलम ७५ प्रमाणे न्यायिक अध्यक्ष आणि त्याच्यासोबत दोन असेसर, म्हणजे सहायक सदस्य. सिडको, पीएमआरडीए किंवा महापालिकेचा कुणी तिथे निकाल द्यायला बसत नाही. पण त्याच्यापुढे जातात ते मुख्यतः पैशाचे प्रश्न: वाढीव मूल्य (योजनेमुळे भूखंडाची वाढलेली किंमत), अंशदान (मालकाने योजनेच्या खर्चासाठी द्यायचा वाटा), पूर्ण गेलेल्या भूखंडाची भरपाई. अंतिम भूखंड, म्हणजे योजनेत मिळणारा नवा भूखंड, कुठला, केवढा, कुणाच्या नावावर, हे लवादाने ठरवलं की कलम ७३ प्रमाणे ते अंतिम.

क्रम असा असतो. प्राधिकरण कलम ६० खाली योजना करण्याचा इरादा जाहीर करतं आणि तो राजपत्रात येतो. ही तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे सगळे दर हिच्यावर ठरतात. त्यानंतर ९ महिन्यांत प्रारूप योजना करायची असते. मध्ये जमीनमालकांची सभा होते, तिथे कच्चा आराखडा दाखवतात. प्रारूप राजपत्रात आलं की कलम ६७ खाली हरकतीला ३० दिवस. मग कलम ६८ ची मंजुरी, मग कलम ७२ खाली लवादाची नेमणूक. लवाद काम दोन भागांत करतो. आधी प्राथमिक योजना, म्हणजे भूखंड आणि रस्ते. नंतर अंतिम योजना, म्हणजे हिशेब. हिशेबाचा निर्णय तुम्हाला कळवल्यापासून २ महिन्यांत अपील. शेवटी कलम ८६ खाली शासनाची मंजुरी.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः हिशेबाच्या तक्त्याबद्दल, कारण तो वाचता न आल्यानेच बहुतेक अपिलं पडतात.

पाताळगंगा

चांगला विषय. ३० दिवस कधीपासून मोजायचे? गावात बऱ्याच जणांना कागद हातात पडतच नाही.

बांधकरी

राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून. प्रारूपाच्या टप्प्यावर घरोघरी पत्र येईल असं धरून चालू नका. राजपत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, प्राधिकरणाच्या कार्यालयात लावलेला नकाशा, एवढंच. व्यक्तिशः नोटीस येते ती लवाद सुनावणी लावतो तेव्हा, नमुना ४ ची विशेष नोटीस. बाहेरगावी राहणाऱ्या खातेदारांचा सातबारावरचा पत्ता जुना असेल तर तीही दुसरीकडेच जाते. इरादा जाहीर झाला की लगेच सध्याचा पत्ता, फोन आणि सातबाराची प्रत जोडून प्राधिकरणाकडे अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. पुढे "मला कळवलंच नाही" म्हणायची वेळ आली तर ही पोचच उपयोगी पडते.

नकाशावाचक

भूखंडाचं भांडण हरकतीत आणि लवादापुढेच संपवावं लागतं, तर ते नीट कसं भांडायचं ते लिहितो. "आम्हाला ही योजना मान्य नाही" अशी दोन ओळींची हरकत कागद म्हणून दाखल होते, पण तिच्यावर काही ठरत नाही. लवादाला ठरवता येईल असं काहीतरी मागा.

नकाशा हातात आला की आधी मूळ भूखंडाचं क्षेत्र बघा. सातबारावर ४० गुंठे, मोजणीत ३८, तर तक्त्यात कुठलं धरलंय? तक्त्यात ३८ असतील तर मोजणीची क-प्रत (मोजणीचा नकाशा) मागा आणि ती मोजणी तुमच्या बांधावर झाली की शेजाऱ्याच्या, ते तपासा. इथे गेलेले दोन गुंठे पुढे कुठल्याही टप्प्यावर परत येत नाहीत, कारण अंतिम भूखंडाचं क्षेत्र याच आकड्याच्या टक्क्यात निघतं. नैनात (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं सिडकोकडचं क्षेत्र) ते प्रमाण ४० टक्के आहे.

मग जागा. मूळ जमिनीवरच किंवा लगत भूखंड मिळालाय का? नसेल तर का नाही? मूळ जागी रस्ता किंवा बाग आली असेल तर कारण समजण्यासारखं आहे. मूळ जागी दुसऱ्याचा अंतिम भूखंड बसवला असेल तर हरकतीत नेमकं तेच लिहा आणि त्या भूखंडाचा क्रमांक द्या.

त्यानंतर आकार, आणि याकडे कुणीच बघत नाही. १६०० चौरस मीटरचे दोन भूखंड घ्या. एक ४० बाय ४०, दुसरा २० बाय ८०. समजा चारी बाजूंना ६ मीटर मोकळी जागा सोडायची आहे. पहिल्यात इमारतीला २८ बाय २८, म्हणजे ७८४ चौरस मीटर पाया मिळतो. दुसऱ्यात ८ बाय ६८, म्हणजे ५४४. कागदावर क्षेत्र सारखंच, प्रत्यक्षात २४० चौरस मीटर पाया गेला, आणि ८ मीटर रुंदीत धड जिना आणि दोन बाजूंना खोल्याही बसत नाहीत. उच्चदाबाची तार, नाला, आधीची विहीर, उभं घर, हे भूखंडावर येतं का तेही नकाशावर पेन्सिलने काढून बघा.

हरकतीत पर्याय द्या. "अंतिम भूखंड अमुक ऐवजी तमुक जागी, रस्त्याकडची बाजू किमान इतके मीटर", आणि सोबत हाताने काढलेलं का होईना, मापं घातलेलं रेखाचित्र. लवाद हा बहुतेक नगररचनेतला माणूस असतो. त्याला रेखाचित्र पटकन समजतं.

तिसरापाट

म्हणजे २० बाय ८० चा भूखंड आला आणि लवादाने ऐकलं नाही, तर विषय संपला?

मूल्यमापक

जागा म्हणून संपला, पैसा म्हणून नाही. या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट माझ्या मते हीच आहे.

ट्रिब्युनलला तुम्ही "मला चौकोनी भूखंड द्या" म्हणू शकत नाही. पण "हा लांबट भूखंड विकसित झाल्यावर तुम्ही त्याला शेजारच्या चौकोनी भूखंडाचा दर लावला, बाजारात तो मिळणार नाही, म्हणून माझं वाढीव मूल्य जास्त दाखवलं गेलं आणि त्यावर अंशदान जास्त बसलं" असं नक्की म्हणू शकता. तक्रार तीच, पण न्यायाधिकरणाला हात घालता येईल अशा भाषेत मांडलेली.

आता तक्ता. नमुना १ म्हणजे पुनर्वाटप आणि मूल्यांकनाचा तक्ता. दिसायला भीतीदायक, पण त्यात तीन किमती आणि दोन वजाबाक्या आहेत, बाकी नावं आणि क्रमांक. उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते.

मूळ भूखंड ४००० चौ.मी., दर ५,००० रुपये. किंमत २ कोटी.
अंतिम भूखंड १६०० चौ.मी., अविकसित दर ५,५००. किंमत ८८ लाख.
तोच अंतिम भूखंड, योजना पूर्ण झाली असं धरून, दर १८,०००. किंमत २ कोटी ८८ लाख.

पहिली वजाबाकी: अविकसित अंतिम वजा मूळ, ८८ लाख वजा २ कोटी. उणे १ कोटी १२ लाख, म्हणजे एवढे मालकाला मिळायचे.
दुसरी: विकसित वजा अविकसित, २ कोटी. हे वाढीव मूल्य, कलम ९८.
त्याचं निम्मं, १ कोटी, हे मालकाने द्यायचं अंशदान, कलम ९९.
शेवटची बेरीज: उणे १ कोटी १२ लाख अधिक १ कोटी. उणे १२ लाख. प्राधिकरण मालकाला १२ लाख देणार.

आता फक्त मूळ दर ५,००० ऐवजी ४,४०० करा. मूळ किंमत १ कोटी ७६ लाख, पहिला फरक उणे ८८ लाख, शेवटचा आकडा अधिक १२ लाख. आता मालकानेच १२ लाख भरायचे. चौरस मीटरमागे ६०० रुपयांनी २४ लाखांची उलथापालथ झाली, आणि भूखंड तर तोच आहे.

मूळ दराचं हे भांडण लवादापुढेच पूर्ण ताकदीने लढा. मूळ आणि अंतिम किमतीतला फरक अपिलात दुरुस्त करून घेऊ, अशा आशेवर राहू नका. अपिलाचा भक्कम पाया वाढीव मूल्य आणि अंशदान हाच. वरच्याच पहिल्या उदाहरणात विकसित दर १८,००० ऐवजी १६,००० ठरला तर वाढीव मूल्य १ कोटी ६८ लाख, निम्मं ८४ लाख, आणि मालकाला १२ ऐवजी २८ लाख मिळतात.

पाताळगंगा

हे ५० टक्के म्हणजे सरसकट कर आहे का? गावात सगळे तसंच समजतात.

मूल्यमापक

नाही, ती कमाल मर्यादा आहे. कलम ९९ नीट वाचा. योजनेचा खर्च सगळ्या वाढीव मूल्याच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर तेवढाच खर्च मालकांमध्ये वाढीव मूल्याच्या प्रमाणात वाटायचा. खर्च निम्म्याच्या वर गेला तर वरचा भार प्राधिकरणाचा. म्हणून नमुना १ सोबत नमुना २, म्हणजे योजनेचा जमाखर्च, मागून घ्यायलाच हवा. त्यात पाणीपुरवठ्याची मोठी वाहिनी, दोन गावांच्या पलीकडे जाणारा रस्ता, असं काही घातलंय का बघा. शहरभर लोकांना उपयोगी पडणाऱ्या कामाचा पूर्ण खर्च तुमच्या परियोजनेतल्या मालकांवर टाकलेला असेल, तर तो मुद्दा अपिलात चालतो. सार्वजनिक वापराची जागा योजनेतल्या लोकांना पूर्ण उपयोगी की अंशतः, हे ठरवण्याचं काम कायद्याने लवादावर टाकलंय आणि त्यावर अपील आहे.

वकीलसाहेब_रायगड

वरचं सगळं बरोबर. कोर्टाच्या बाजूने थोडं.

मुदत २ महिने, निर्णय कळवल्यापासून. मुदत कायद्याची कलमं ५, १२ आणि १४ लागू आहेत. म्हणजे उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून माफी मागता येते, आणि प्रमाणित नकलेला लागलेले दिवस वजा होतात. पण नक्कल मागितल्याच्या आणि मिळाल्याच्या तारखा नकलेवरच हव्यात. त्यामुळे निर्णय कळताच त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज टाका, नंतर नाही.

अपिलाच्या मसुद्यात लोक काय चुकतात ते सांगतो. पहिली चूक, प्रत्येक मुद्दा कलम ७२(३) च्या कुठल्या खंडाखालच्या निर्णयावर आहे ते लिहीत नाहीत. कलम ७४ अपील देतं ते ठरावीक खंडांच्या निर्णयावर. मुद्द्यासमोर खंड नसेल तर समोरचा पहिल्याच तारखेला अपील चालत नाही म्हणून हरकत घेतो, आणि चांगला मुद्दाही त्यात वाहून जातो. दुसरी चूक, एकाच अपिलात जागा बदलून द्या, रस्ता हलवा आणि अंशदान कमी करा, असं सगळं एकत्र मागायचं. पहिल्या दोन मागण्या काढून टाका, तिसरी उठून दिसू द्या. तिसरी, २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली दिलासा रक्कम (सोलेशियम, भरपाईवरची जादा रक्कम) आणि गुणांक (बाजारभावाला लावायचा पट) मागायचे. टीपीएस हे त्या कायद्याखालचं संपादन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या शांतीलाल मंगलदास खटल्यात आणि पुढे घटनापीठाने प्रकाश अमीचंद शहा खटल्यात टीपीएसची ही रचना वैध ठरवली. दिलासा रक्कम न देणं भेदभाव नाही, असंही त्या दुसऱ्या खटल्यात म्हटलंय. जुन्या मुंबई नगररचना कायद्यावरचे निकाल आहेत ते, पण रचना तीच. या मागणीत अपिलाची पानं घालवू नका.

न्यायाधिकरणात कायद्याचा आणि कार्यपद्धतीचा प्रश्न अध्यक्ष एकटे ठरवतात. बाकी प्रश्न अध्यक्ष आणि असेसर मिळून, बहुमताने. दराचा प्रश्न हा दुसऱ्या प्रकारात येतो, म्हणजे असेसरांचं मत तिथे वजनदार. त्यांच्यापुढे भाषण नको, कागद ठेवा. लवादालाही साहाय्यासाठी बोलावता येतं, पण निकालात मतदानाचा अधिकार त्याला नाही.

निकालानंतर दुसरं अपील नाही. न्यायाधिकरण हे न्यायालय नाही, कलम ८० तसं सांगतं. पुढचा रस्ता उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि तिथे दर पुन्हा काढत बसत नाहीत. प्रक्रिया नीट झाली का, डोळ्यांत भरण्यासारखी चूक आहे का, एवढंच बघतात.

तिसरापाट

मग थेट उच्च न्यायालयातच का जाऊ नये? निदान भूखंडाच्या जागेसाठी तरी.

वकीलसाहेब_रायगड

जागेसाठी रिट हाच मार्ग, कारण अपील नाहीच. पण रिटमध्ये काय टिकतं? नोटीस दिली नाही, सुनावणी घेतली नाही, हरकतीचा विचार केल्याची नोंदच नाही, एकाच परिस्थितीतल्या दोन मालकांना कारण न देता वेगळी वागणूक दिली. "मला दुसरी जागा आवडली असती" हे टिकत नाही. आणि हे सगळं सिद्ध होतं तुमच्या हरकतीच्या पोचेवरून आणि सुनावणीच्या रोजनाम्यावरून, म्हणजे तिथे झालेल्या नोंदीवरून. म्हणजे फिरून नकाशावाचक यांनी लिहिलेल्या टप्प्यावरच येतो आपण.

पैशाच्या मुद्द्यावर थेट रिट केलंत तर पहिला प्रश्न येईल की पर्यायी मार्ग असताना इथे का आलात. तोवर २ महिने उलटलेले असतात.

बांधकरी

इथे एक वेगळं मत नोंदवतो. सुनावणीचा रोजनामा वकिलांच्या म्हणण्याइतका नेहमी मिळत नाही. बऱ्याच सुनावण्या दहा मिनिटांत उरकतात आणि नोंद एका ओळीत होते. म्हणून तोंडी बोलून समाधान मानू नका. जे बोलणार आहात ते दोन पानांत लिहून न्या, सुनावणीच्या वेळीच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. सही नाकारली तर त्याच दिवशी कार्यालयाच्या आवक खिडकीत द्या. सभेत किंवा सुनावणीत "मान्य आहे" अशा मजकुराखाली सह्या घेण्याचा प्रकार दिसला तर मजकूर वाचल्याशिवाय सही करू नका. हजेरीची सही वेगळी आणि संमतीची वेगळी.

वकीलसाहेब_रायगड

मान्य. लेखी म्हणणं हाच रोजनामा समजा.

खातेफोड

सामाईक सातबाऱ्याचं काय? एका गटात चार भाऊ, दोन बहिणी, आणि एका हिश्श्यावर कुळाचं नाव. अंतिम भूखंड एकच येतो.

बांधकरी

सामाईक असेल तर लवाद हिस्से ठरवतो, ते त्याच्या कामातच आहे. पण मालकीचाच वाद असेल तर तो दिवाणी कोर्टाचा विषय. कलम ७१ खाली जी चौकशी होते ती योजनेपुरती, उद्या दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा वेगळा आला तर तो चालतो. म्हणून वाटप झालेलं असेल तर प्रारूप येण्याआधी फेरफार मंजूर करून घ्या आणि प्रत्येक हिस्सा वेगळा मूळ भूखंड म्हणून मागा. सहा जणांना मिळून एक अंतिम भूखंड आला की पुढे बांधकाम परवानगीसाठी सहा सह्या आणि सहांची एकवाक्यता लागते.

बहिणींची नावं वारस म्हणून लागलेली नसतील तर ती आत्ताच लावून घ्या. नंतर त्या आल्या की भावांचाच भूखंड अडकतो.

कुळ, पट्टेदार, गहाणखत, यांचे हक्क अंतिम भूखंडावर वळवायचे की भरपाई देऊन संपवायचे, हे लवाद कलम १०१ खाली ठरवतो. बँकेचा बोजा असेल तर बँकेलाही कळवा. भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर तक्त्याच्या धारणाप्रकाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. वर्ग १ झालेली जमीन जुन्या नोंदीवरून वर्ग २ दाखवलेली असते, आणि त्याचा परिणाम दरावर होतो.

विहीर, फळझाडं, गोठा, वहिवाटीचा रस्ता, यांचं नुकसान हे कलम १०२ खालचं वेगळं मागणं आहे. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत लेखी मागणी द्यावी लागते. आपोआप कुणी मोजायला येत नाही.

पाताळगंगा

दराचा पुरावा कसला द्यायचा? रेडी रेकनर (सरकारी दरपत्रक) पुरतो का?

मूल्यमापक

रेडी रेकनर द्या, पण तो किमान आधार समजा. त्यावरच अवलंबून राहिलात तर लवादाचं आणि तुमचं उत्तर एकच येतं. खरं वजन विक्री व्यवहारांना.

इरादा जाहीर झाल्याच्या तारखेआधीच्या दोन-तीन वर्षांचे त्याच गावातले, नसतील तर लगतच्या गावातले नोंदणीकृत व्यवहार काढा. सूची २ ची (नोंदलेल्या दस्ताच्या उताऱ्याची) प्रत नोंदणी कार्यालयातून मिळते. प्रत्येक व्यवहाराला एक ओळ: दस्त क्रमांक, तारीख, गट, क्षेत्र, रक्कम, चौरस मीटरचा दर, रस्त्यापासूनचं अंतर, तुमच्या जमिनीपासूनचं अंतर. मग गावनकाशावर हे सगळे गट रंगवा आणि आपला गट वेगळ्या रंगात. एका पानावर असेसरांना सगळं कळतं.

काय टाळायचं तेही सांगतो. दोन-तीन गुंठ्यांच्या तुकड्यांचे दर चार एकराला लावू नका. समोरचा तोच मुद्दा उचलतो आणि मग तुमचे बाकीचे व्यवहारही संशयात येतात. लहान तुकड्याचा व्यवहार घ्यायचाच असेल तर त्यातून स्वतःच योग्य ती वजावट करून दाखवा. इरादा जाहीर झाल्यानंतरचे व्यवहार देऊ नका. आजचा दर तर मुळीच नाही. सगळा हिशेब त्या एका तारखेवर उभा आहे, विकसित किंमतसुद्धा. योजना पूर्ण झाली असती तर त्या तारखेला काय भाव आला असता, असा तो प्रश्न असतो. मालक आजचा वाढलेला विकसित दर मान्य करून बसतात आणि मूळ जमिनीचा दर मात्र जुनाच राहतो. दोन्ही टोकं एकाच तारखेवर आहेत ना, हे प्रत्येक ओळीला तपासा.

वाढीव मूल्य कमी दाखवायचं असेल तर विकसित दराची उदाहरणं शोधा, मोठ्या रस्त्यावरची नाही, तर तुमच्या भूखंडासमोर जेवढ्या रुंदीचा रस्ता येणार आहे तेवढ्याच रुंदीवरची. समोर ९ मीटरचा रस्ता आणि दर २० मीटरच्या रस्त्यावरचा, हे बऱ्याच तक्त्यांत सापडतं.

गोठणवाट

यात थोडा गोंधळ होतोय माझा. बांधकाम परवानगी नाकारली तर जे अपील असतं ते याच न्यायाधिकरणात का?

वकीलसाहेब_रायगड

नाही, ते कलम ४७. परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या तर ४० दिवसांत राज्य शासनाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या, उपसचिवाच्या खाली नसलेल्या अधिकाऱ्याकडे. ते शासनाकडेच जातं, न्यायाधीशाकडे नाही. आणि ते फक्त अर्जदाराला. शेजाऱ्याला दिलेल्या परवानगीविरुद्ध तुम्ही कलम ४७ वापरू शकत नाही. शिवाय कलम १४९ मुळे अशा आदेशांना साध्या दिवाणी दाव्यात आव्हान देता येत नाही, तिथेही रिटच. टीपीएस क्षेत्रात इरादा जाहीर झाल्यावर बांधकामाला परवानगी लागतेच, कलम ६९. घर वाढवायचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

नकाशावाचक

एक छोटी भर. मुंबईत बांद्रा, सांताक्रूझ, विलेपार्ले किंवा पुण्यात भांबुर्ड्याकडे ज्यांचं घर आहे त्यांच्या मालमत्ता पत्रकावर "अंतिम भूखंड क्रमांक" दिसतो, तो जुन्या टीपीएसचाच. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही पद्धत इथे आहे. त्या भूखंडांच्या हद्दी आजही त्या निवाड्यावरच उभ्या आहेत, इतका टिकाऊ कागद आहे हा.

आणि योजना लागू झाल्यावर नाव, क्षेत्र किंवा क्रमांकातली निव्वळ लेखनचूक निघाली तर अपिलाची गरज नाही. कलम ९१ खाली प्राधिकरण शासनाकडे दुरुस्ती मागू शकतं. अर्ज प्राधिकरणाला द्यायचा, चूक आणि बरोबर मजकूर शेजारी शेजारी लिहून.

तिसरापाट

शेवटचा प्रश्न. अपील चालू असताना ताबा घेतात का? आणि रस्त्याचं काम सुरू झालं तर अपिलाला अर्थ उरतो का?

मूल्यमापक

ताबा आगाऊ घेण्याची सोय कायद्यात आहे, कलम ८३. रस्त्यासाठी ती सर्रास वापरतात. तुमचं अपील पैशाचं असल्याने ताबा गेला म्हणून ते संपत नाही. फक्त ताबा देण्याआधी विहीर, झाडं, कुंपण, गोठा यांचा पंचनामा मागा. मागूनही झाला नाही तर स्वतः दोन शेजारी साक्षीला घेऊन करा. तारीख दिसणारे फोटो, झाडांची जातवार संख्या, विहिरीचा व्यास आणि खोली, बांधीव आहे की कच्ची. ट्रॅक्टर एकदा फिरला की विहिरीची खोली सिद्ध करायला काहीच उरत नाही.

वकीलसाहेब_रायगड

आणि ताबा पावतीवर "मोबदल्याबाबतचे सर्व हक्क राखून" ही ओळ स्वतःच्या हाताने लिहा, मगच सही करा. पावतीची एक प्रत जागेवरच मागून घ्या.